वेगळा प्याला

नाक मोडल्याचा आवाज लहू साळवेच्या ओळखीचा होता. ओली काटकी पिरगाळून तोडावी तसा, आतल्या आत दबलेला. लहानपणी गावात त्यानं तो ऐकला होता, स्वतःच्या बापाच्या तोंडावर. पण फ्रँकफर्टमधल्या एका चर्चच्या तळघरात, भर रविवारी, प्रभुभोजनाच्या टेबलापुढं तोच आवाज आपल्या मुठीखालून निघेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

चंद्रशेखर लेले खुर्च्यांच्या रांगेवर उलटा पडला आणि दोन खुर्च्या घेऊन जमिनीवर आला. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचे शिंतोडे उडाले. भाकरीच्या ताटलीतही उडाले. कोणीतरी बाई किंचाळली. लहू दुसरा ठोसा मारायला वाकला होता, मारणारच होता, पण तेवढ्यात त्याला मागून कोणीतरी कमरेला मिठी मारून ओढलं.

हे का झालं ते नीट सांगायला हवं. कारण हॉलमध्ये बसलेल्या पंचवीस-तीस माणसांपैकी एकालाही ते कळलं नाही. एका म्हातारीला सोडून.

ही मराठी ख्रिस्ती मंडळी एक रविवार आड जमते. जर्मन चर्चवाले हॉल देतात, कॉफीचं मशीन देतात, आणि प्रभुभोजनासाठी त्यांचा जुना चांदीचा प्याला देतात. मंडळीतली अर्धी माणसं नगर-जालन्याकडची. त्यांच्या आज्या-पणज्यांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, मांगवाड्यातून, महारवाड्यातून. उरलेली अर्धी पुण्या-मुंबईची, आयटीतली, अलीकडे विश्वासात आलेली. वरवर सगळं छान असतं. प्रभूमध्ये आपण सगळे एक, असं दर वेळी कोणी ना कोणी म्हणतंच. फक्त पोरापोरींची लग्नं ठरवायची वेळ आली की एकेकाला आपापली आळी आठवते.

लहू पहिल्या अर्ध्यातला. एश्बॉर्नच्या ऑफिसांच्या जंगलात सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेतो. मधली काही वर्षं पगार झाला की दारू, आणि दारू झाली की भांडण, असं चाललं होतं. बायको मुलीला घेऊन नगरला निघून गेली. मग एके दिवशी त्यानं बाटली सोडली. हे त्यानं एकाच माणसाला सांगितलं होतं, चंद्रशेखर लेलेला, त्याच्या गाडीत बसून, रडत. "वाईनचा वास जरी आला तरी माझं आतडं ओढतं हो," असं म्हणाला होता.

लेले दुसऱ्या अर्ध्यातला, आणि मंडळीचा पुढारीही तोच. सदाशिव पेठ, मुंज, संध्या, सगळं करून आलेला. जर्मनीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याच्या आईनं फोन ठेवला तो मरेपर्यंत पुन्हा उचलला नाही. तिच्या अंत्यविधीला भावानं दारातून परत पाठवलं. त्यानं किंमत मोजली होती यात खोटं काहीच नाही. लहूला त्याचा राग यायचा तो यामुळंच जास्त यायचा. ढोंगी माणसाचा राग करणं सोपं असतं.

त्या दिवशी लेलेचा संदेश, म्हणजे प्रवचन, होता सरोवराकाठच्या कोळ्यांवर. येशू येतो, चल म्हणतो, आणि ते जाळी टाकून निघतात. बापाला होडीत बसलेला ठेवून निघतात. लेले कागद न घेता बोलतो. मराठीत अडला तर जर्मनमध्ये शिरतो, पण थांबत नाही.

"तुमचं जाळं कुठलं?" तो हात पसरून विचारत होता. "नोकरी? घर? घराण्याचं नाव? मी माझं जाळं पुण्यात टाकून आलो. आल्झो, म्हणजे, सोपं नव्हतं. पण शिष्य व्हायचं तर हात रिकामे हवेत."

लहू मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होता, ज्याच्याकडं जाळं होतं त्यानं टाकलं. माझ्या आज्याच्या हातात दोरी वळायचं सामान होतं, तेही गावाचं. आम्ही काय टाकायचं? शेजारी त्याची आई बसली होती. कमलाबाई. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली, लेकाच्या जाकिटात गुंडाळलेली. तिला लेलेचं बोलणं फार आवडलं होतं. "काय तोंड हाय रं मानसाला," ती दोनदा म्हणाली.

मग प्रभुभोजन.

एक गोष्ट सांगायला हवी. लहू या मंडळीत टिकला तो संदेशांमुळं नाही. गाण्यांमुळंही नाही. तो टिकला त्या एका प्याल्यामुळं. लेले स्वतः प्यायचा, कड पुसायचा, प्याला थोडा फिरवून पुढच्याला द्यायचा. पुढचा जालन्याचा असो की दादरचा. दारू सोडल्यापासून लहू नुसते ओठ टेकवायचा, श्वास रोखून. आतडं ओढायचं. पण टेकवायचा. ज्या कडेला लेलेचे ओठ लागले त्याच कडेला माझे लागतात, हे त्याला दर वेळी पुन्हा खरं करून घ्यावंसं वाटायचं.

तो रांगेत पुढं आला. मागं आई. लेलेनं भाकरीचा तुकडा दिला. मग त्यानं चांदीचा प्याला टेबलावर ठेवला, रुमालाखालून एक छोटा काचेचा ग्लास काढला, आणि हसून लहूच्या पुढं धरला.

"हा तुझा," तो हळू आवाजात म्हणाला.

लहूला आधी कळलंच नाही. त्यानं ग्लासाकडं पाहिलं, प्याल्याकडं पाहिलं. मग मागं पाहिलं. कमलाबाईनं ग्लास पाहिला होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. जशी एखादी बाई ओळखीच्या गावाचा फाटा आल्यावर पिशवी उचलते, तशी ती सावरून उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला. आणि दोन्ही हातांची ओंजळ करून, कोपरं पोटाशी घेऊन, थोडी वाकली. वरून ओतणाऱ्याला शिवू नये इतकी लांब.

"मला ह्याच्यातच वता, दादा," ती लेलेला म्हणाली. "कप इटाळायला नको."

गावातल्या हॉटेलात भिंतीच्या बाहेरच्या कोनाड्यात एक कप असायचा. कानतुटका. साळव्यांचा, पाटोळ्यांचा, वाड्यातल्या सगळ्यांचा मिळून. आपण धुवायचा, आपण ठेवायचा, चहावाला वरून ओतणार. कप आधीच कोणी नेला असेल तर ओंजळ. लहूच्या बापाला वाटलं होतं, आपण ख्रिस्ती झालो, बायबल वाचतो, आता आतला कप घ्यायला हरकत नाही. त्यानं घेतला. चहा संपायच्या आत चार जणांनी त्याला बाहेर ओढून उसाच्या टिपऱ्यांनी मारलं. लहू तेव्हा त्याच्या पायाशी होता. नाक मोडल्याचा आवाज त्यानं तेव्हा ऐकला.

आणि आता फ्रँकफर्टमध्ये त्याची आई ओंजळ पुढं करून वाकली होती.

लहूनं लेलेला मारलं.

"सोडा त्याला," लेले जमिनीवरून म्हणाला. नाकावर रुमाल होता, रुमाल भिजला होता. त्याची बायको शुभदा त्याला उठवत होती आणि ओरडत होती, "पोलिसांना बोलवा. कोणीतरी फोन करा. अहो, हा माणूस वेडा आहे!"

"कोणी फोन करायचा नाही," लेले म्हणाला. तो उभा राहिला. खुर्चीला धरून, झोकांड्या खात, पण उभा राहिला, आणि लोकांकडं तोंड केलं. शर्टाची पुढची बाजू लाल झाली होती. "मी तक्रार करणार नाही. आत्ताच मी तुम्हाला काय सांगत होतो? हीच ती वेळ. लहूनं मला का मारलं मला माहीत नाही. विचारणारही नाही. लहू, मी तुला क्षमा केली आहे. हवं तर दुसरा गाल आहे."

आणि त्यानं खरोखर मान वळवली.

बायका रडायला लागल्या. पुरुषही. कोणीतरी "हालेलुया" म्हणालं. मंडळीचा चिटणीस पुष्कर, ज्यानं लहूला मागून धरलं होतं, त्याच्या कानात पुटपुटला, "नशीबवान आहेस तू. तुझी आइनब्युर्गेरुंगची, नागरिकत्वाची फाईल आहे ना? एक केस झाली असती तर गेला असता पासपोर्ट. पाय धर त्यांचे."

पासपोर्टची फाईल खरंच होती. मुलाखत झाली होती, परीक्षा झाली होती, आता फक्त पत्र यायचं होतं. पासपोर्ट आला की नोकरी असो नसो, इथून कोणी हाकलणार नाही. मग बायकोला फोन करून सांगता येईल, ये परत. बघ, माणूस झालोय. हे सगळं एका पोलीस तक्रारीनं अडकलं असतं, आणि ती तक्रार आता या माणसाच्या खिशात होती. दर एक रविवार आड तो समोर उभा राहणार, वाकडं नाक घेऊन, आणि क्षमा करत राहणार.

लहूच्या अंगाला आग लागली. एवढी आग मारतानाही नव्हती.

अरे, मार आम्ही खाल्ला! पाठीवरचे वळ आमचे, मोडलेली नाकं आमची, गावाबाहेरची घरं आमची. पिढ्या न् पिढ्या गाल पुढं केला, कारण मागं घ्यायला जागाच नव्हती. त्याला कोणी शिष्यत्व म्हटलं नाही. आणि ह्याला आयुष्यात एक ठोसा बसला तर हा संत! वधस्तंभसुद्धा हेच उचलून नेणार? तोसुद्धा आमच्या खांद्यावरून?

हे तो मोठ्यानं बोलला नाही. बोलायला तोंड उघडलं आणि शिवी निघाली, ती त्यानं गिळली नाही. हॉल पुन्हा किंचाळला.

कमलाबाईनं त्याच्या दंडाला धरून जिन्याकडं ओढलं. म्हातारीच्या बोटांत अजून खुरप्याची पकड होती.

"भर देवाच्या ताटावर हात टाकलास तू," ती म्हणाली.

"आई, तू ओंजळ का केलीस?"

"सवय हाय. हात आपसूक ग्येलं."

"त्याच्यामुळंच मारलं मी!"

"म्या वत म्हनले. मार म्हनले का?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला मारलं त्या चौघांनी. त्या चौघांगत दिसलास रं तू मला आत्ता. तसाच हात वर ग्येलेला."

वर येऊन पुष्करनं गाडी काढली, "आजींना मी सोडतो, तू जरा डोकं थंड करून ये," म्हणाला. म्हातारी गाडीत बसली आणि तिनं खिडकीतून लेकाकडं पाहिलं नाही.

स्टेशन चर्चपासून जवळच. अंधार पडायला लागला होता, हिवाळ्यात तिथं चार वाजताच दिवस हात झटकतो. वर उघडा प्लॅटफॉर्म, एक तिकिटाचं मशीन, एक बाक. दूरच्या टोकाला तिघं पोरं, गळ्यात कुठल्याशा फुटबॉल क्लबचे मफलर, हातात बिअरच्या बाटल्या. हरून आलेली असावीत. जिंकलेली पोरं गातात, ही नुसती थुंकत होती.

लहू मशीनला टेकून उभा होता तेव्हा लेले जिना चढून आला. एकटाच. नाकात कापसाचे बोळे, शर्ट तसाच लाल, वर कोट उघडा.

"शुभदाला घरी पाठवलं," तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्याशी बोलल्याशिवाय मी जाऊ शकत नाही, लहू. त्या ग्लासात वाईन नव्हती. द्राक्षाचा रस होता. तू सोडली आहेस म्हणून. तू मला गाडीत सांगितलं होतंस, वासानं त्रास होतो. मी मुद्दाम आणला. तुझ्यासाठी."

"रस?"

"हो रे. तुला काय वाटलं?"

"मग सगळ्यांना रस का नाही दिला?"

"म्हणजे?"

"सोप्पं आहे. वाईन ओतून द्यायची, त्याच प्याल्यात रस भरायचा. सगळ्यांनी प्यायचा. कोणी मेलं असतं का?"

"सुचलं नाही," लेले म्हणाला.

"तेच ते! तुम्हाला वेगळा ग्लास सुचला. पहिल्या झटक्यात सुचला. एवढं ग्रीक वाचता, एवढं हिब्रू वाचता, आणि मांगाच्या पोराला सगळ्यांदेखत वेगळा ग्लास द्यावा हे सुचलं, आणि त्यात काही चुकतंय हे सुचलं नाही. मला विचारलंत का आधी? एक फोन? माझी आई ओंजळ करून उभी राहिली तुमच्यापुढं. ती का वाकली होती कळलं तुम्हाला?"

"मला वाटलं... त्यांच्याकडची काही पद्धत असेल."

"पद्धतच होती. तुमच्या घरची."

लेले हात जोडणार होता की काय कोण जाणे, पण सवय मोठी वाईट. त्याच्या तोंडून निघालं, "ठीक आहे. तरी मी तुला क्षमा केली आहे."

"मागितली कोणी? केस करा माझ्यावर. आत्ता. पोलिसांना बोलवा, माझा पासपोर्ट अडकू दे. पण तुमच्या क्षमेखाली मी जगणार नाही. तसलं छप्पर नको मला."

"लहू, रागात बोलतोयस."

"आणि मला अरे-तुरे करू नका. तुमच्याहून मी दोन वर्षांनी मोठा आहे."

पोरं जवळ आली होती. आरडाओरडा त्यांनी ऐकला होता, भाषा परकी होती, आणि एकाच्या शर्टावर रक्त होतं. एवढं पुरतं. सर्वांत उंच पोरानं लेलेच्या तोंडापुढं बाटली नाचवली. "ए, नाकाला काय झालं? उंटानं लाथ मारली?" बाकीचे दोघं खिंकाळले.

लेले अजून त्याच नशेत होता, हॉलमधल्या. तो वळला, हसला, आणि अस्खलित जर्मनमध्ये म्हणाला, "मित्रांनो, आम्हाला तुमच्याशी वैर नाही. शांतीनं जा."

उंच पोरानं त्याच्या कानाखाली वाजवली. रागानं नाही. दार वाजवून बघावं तशी.

लेलेनं दुसरा गाल पुढं केला.

खोटं वाटेल, पण त्यानं केला. डोळे मिटून. पोरांना एवढं हसू लोटलं की एकजण वाकला. मग दुसऱ्यानं त्या गालावर मारलं. मग तिसऱ्यानं, बाटली धरलेल्या मुठीनं. लेले गुडघ्यावर आला. मग लाथा सुरू झाल्या. आणि तेव्हा त्याची नशा उतरली. "लहू!" तो ओरडला. मग, "आई गं!" जिनं फोन उचलला नव्हता ती आई.

लहू मशीनपाशी उभा होता. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. घे, त्याच्या आतलं कोणीतरी म्हणत होतं. उचल. वधस्तंभ तुला हवा होता ना. बघ किती जड असतो.

लेलेला मार खाता येत नव्हता. मार खायचीही रीत असते. हनुवटी छातीला लावायची, गुडघे पोटात घ्यायचे, कुशीवर व्हायचं, हात मानेमागं. लहूला हे कोणी शिकवलं नव्हतं, अंगानं शिकून घेतलं होतं. आणि हा माणूस उताणा पडला होता, हात पसरून, पोट उघडं टाकून. तान्ह्या पोरासारखा. पन्नाशीला आला आणि ह्याला कधी कोणी मारलंच नव्हतं. आता बूट फासळीखाली बसला की आतलं काहीतरी फाटणार होतं.

"कुशीवर हो!" लहू ओरडला. "गुडघे पोटात घे! अरे कुशीवर हो, मरशील!"

लेलेला ऐकूच गेलं नाही. लहू धावला.

एकाला त्यानं खांद्यानं उडवलं, तो बाकावर आपटला. दुसऱ्यानं त्याच्या कपाळावर बाटली फोडली. डोळ्यात रक्त आणि बिअर एकदमच उतरली. लहूनं आंधळ्यासारखा हात फिरवला, हाताला मफलर लागला, तो पिळून त्यानं उंच पोराला खाली आणलं आणि छातीवर गुडघा रोवला. खाली काच पडली होती. बाटलीची मान त्याच्या हातात आली. ती कशी आली ते त्याला नंतर आठवेना, पण आली, आणि पोराच्या गळ्यापाशी गेली, जिथं शीर उडत होती तिथं.

पोरगं वीस-एकवीसचं असेल. ओठांवर लव. "नको," ते म्हणालं. "बिटं, प्लीज. नको."

मारावंसं वाटत होतं. हे झाकण्यात अर्थ नाही. ती काच एक बोटभर आत घालावी आणि बापाचं, आईचं, सगळं एकदाच मिटवावं, असं लहूच्या मनगटाला वाटत होतं. हात वर गेला होता. आणि तसाच वर गेलेला हात त्याच्या आईनं तासाभरापूर्वी पाहिला होता.

मागून लेले घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नको लहू. ठेव ते."

लहूनं काच रुळांवर फेकली.

त्याच क्षणी बाकावर आपटलेल्या पोरानं त्याच्या तोंडावर लागोपाठ दोन लाथा घातल्या. बक्षीस म्हणा. दुसरा गाल पुढं करायची वेळच आली नाही, दोन्ही लाथा एकाच गालावर बसल्या. दात निखळून जिभेवर आला. लहू कोलमडला तो लेलेच्या अंगावर, आणि तिथंच राहिला. खाली लेलेचं उघडं पोट होतं, त्यावर लहूची छाती. मग पाठीवर लाथा सुरू झाल्या. त्याला त्या मोजायच्या नव्हत्या. तो लेलेच्या कानात एकच सांगत होता, "हनुवटी खाली घे. खाली घे हनुवटी." आणि या वेळी लेलेनं ऐकलं.

गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, कोणीतरी ओरडलं. दोघं पोरं जिन्यावरून पळाली. उंच पोराचा पाय मुरगळला होता, त्याला उतारूंनी धरून ठेवलं.

पोलीस आले, अँब्युलन्स आली. पोलिसांत एक बाई होती, चाळिशीची, कान लाल झालेले थंडीनं. उंच पोरगं बेड्या घालून बाकावर बसवलेलं. लहू आणि लेले जमिनीवर शेजारी शेजारी, अंगावर चांदीच्या कागदासारखी चादर. अँब्युलन्सवाला लहूच्या कपाळाला पट्टी करत होता. लेलेच्या दोन फासळ्या गेल्या होत्या, तो उथळ श्वास घेत होता.

"नाक मोडलंय तुमचं," पोलीसबाई लेलेला म्हणाली. "यांनीच?"

लेलेनं लहूकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "हो," तो म्हणाला. "यांनीच."

एका शब्दात काम झालं. लहूचा पासपोर्ट सुटला, फाईल मोकळी झाली. दुपारचं काही घडलंच नव्हतं.

"खोटं!" बाकावरून पोरगं ओरडलं. "आला तेव्हाच रक्त होतं त्याच्या शर्टावर! नाक आम्ही नाही फोडलं!"

त्याचं कोण ऐकणार होतं? आणि का ऐकावं? लहूच्या जिभेखाली स्वतःचा दात होता. ज्यानं मेलेलं ढोर बदडावं तसं दोन माणसांना बदडलं, त्याच्या खात्यावर आणखी एक नाक गेलं तर कुणाचं काय बिघडत होतं? लहूनं हा विचार पुरता केला. बायकोचा आवाज कसा असेल फोनवर, हेही त्यानं त्यात धरलं. लेले चादरीखालून त्याचा हात दाबत होता, गप्प राहा म्हणून.

लहूनं दात थुंकला.

"नाक मी फोडलंय," तो जर्मनमध्ये म्हणाला. "दुपारी. चर्चमध्ये. हे पोरगं त्या बाबतीत खरं बोलतंय."

"लहू!" लेले मराठीत म्हणाला. "वेड लागलंय का? फाईल जाईल तुमची. मी सांभाळतो ना, गप्प बसा."

"तुम्ही सांभाळू नका. माझं आहे ते, मला द्या."

"अहो, पण मुलगी, बायको..."

"त्यांना काय सांगायचं ते मी बघीन. आधी तुम्ही हिला खरं सांगा."

पोलीसबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "काय बोलताय तुम्ही? जर्मनमध्ये बोला. आल्झो, यांनी तुम्हाला मारलं? खरं आहे?"

लेलेनं डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्यात हॉलमधलं काही उरलं नव्हतं. मंडळी नव्हती, रडणाऱ्या बायका नव्हत्या. दोन फासळ्या मोडलेला एक माणूस होता, थंडीनं कुडकुडणारा.

"हो," तो म्हणाला. "यांनी मारलं."

"तक्रार द्यायची आहे?"

"ते नंतर सांगतो. झालं ते लिहून घ्या."

लिहून घेतल्यावर फाईल अडकणारच होती, तक्रार असो नसो. लहूला ते माहीत होतं. त्यानं खिशातून ओळखपत्राचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं नाव उतरवून घेतलं, साळवे, एकेक अक्षर विचारून.

"आणि का मारलं?" तिनं लेलेला विचारलं.

"मी यांना वेगळा ग्लास दिला," लेले म्हणाला. "प्रभुभोजनात. सगळ्यांना एक प्याला, यांना वेगळा."

ती पुढचं ऐकायला थांबली. "एवढंच?"

"नाही," लेले म्हणाला. "एवढंच नाही. यांच्या आईनं... आमच्याकडं, म्हणजे मी ज्या घरात जन्मलो त्या घरांत, यांच्या लोकांना..."

तो अडकला. तासतासभर कागदाशिवाय बोलणारा माणूस, प्लॅटफॉर्मच्या फरशीवर बसून तोंड उघडत होता आणि मिटत होता. नाकातला बोळा पुन्हा भिजला. पोलीसबाईनं पेन उचलून धरलं. त्यानं लहूकडं पाहिलं, मदतीसाठी.

लहूकडं ते सगळे शब्द होते, मराठीत होते, जर्मनमध्येही होते. त्यानं एकही दिला नाही. तो चादर ओढून लेलेच्या शेजारी बसून राहिला, आणि लेले पहिल्यापासून सांगायला लागला.